वय ४९, पहिल्यांदाच स्कूबा: काय तयारी करावी?

प्रश्न (दारव्हा, यवतमाळ): दिवाळीनंतर मालवणला स्कूबासाठी (पाठीवरच्या टाकीतल्या हवेवर श्वास घेत पाण्याखाली पोहणे) जातो आहे. विहिरीत पोहता येते. बीपीची गोळी सुरू आहे. जमेल का जी?

उत्तर १: भाऊ, आधी डॉक्टरांकडून फिटनेस लिहून घ्या, गोळीचं नाव लपवू नका. सर्दी असेल तर उतरूच नका. खरा त्रास कानांचा होतो. १० मीटरवर दाब दुप्पट होतो, पण कान दुखतात ते पहिल्या काही मीटरातच. म्हणून दुखायच्या आधीच, दर अर्ध्या मीटरला नाक चिमटीत धरून बंद नाकातच हलकी फुंकर मारा. जोर लावू नका. कान मोकळे नाही झाले तर थोडं वर या, मग पुन्हा.

उत्तर २: विहिरीतली सवय इथे उलटी पडते. तिथे श्वास रोखून बुडी मारतो. इथे श्वास कधीच रोखायचा नाही. वर येताना फुप्फुसातली हवा फुगते, रोखली तर फुप्फुस फाटू शकतं.

उत्तर ३: मिशी असेल तर नाकाखालची कातरा, नाहीतर मास्क (डोळे आणि नाक झाकणारा काचेचा मुखवटा) गळतो. पाणी शिरलंच तर मास्कची वरची कड दाबून नाकाने श्वास सोडा. आणि त्याच दिवशी घाट चढू नका, मुक्काम करा. उंचीवर हवेचा दाब कमी होतो, पाण्याखालच्या दाबाने रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात.