‘माहितीदार’ म्हणावं का?

प्रश्न : युद्धामुळे घरदार सोडावं लागलेल्या लोकांच्या मुलाखतींसाठी संमतिपत्रक मराठीत करते आहे. एका जुन्या मसुद्यात ‘इन्फॉर्मंट’ला, म्हणजे ज्याची मुलाखत घ्यायची त्याला, ‘माहितीदार’ आणि ‘इन्फॉर्म्ड कन्सेंट’ला, म्हणजे सगळं नीट कळल्यावर दिलेल्या होकाराला, ‘माहितीपूर्ण संमती’ असं केलेलं आहे. दोन्ही खटकतात, पण का ते नेमकं सांगता येत नाही. शिवाय ‘निर्वासित’ घ्यावा की ‘शरणार्थी’?

उत्तर १ : ‘माहितीदार’ खटकतो, कारण त्याच्या शेजारच्याच घरात ‘खबऱ्या’ राहतो. ज्याला नाक्यानाक्यावर ‘कुणाला काय सांगितलंस?’ असं दरडावून विचारलं गेलंय, त्याच्यापुढे ‘माहितीदाराची सही’ असं छापलेला कागद सरकवायचा? तो कागद उद्या कुणाच्या हाती पडेल याची तुम्हाला तरी खात्री आहे का? (सहीमुळेच ओळख उघड होणार असेल तर तोंडी संमती चालते, अशी सवलत संशोधनाच्या अनेक नियमावल्यांत आहे. ती जरूर मागा.) मानसशास्त्राच्या पुस्तकांतला ‘प्रयुक्त’ (ज्याच्यावर प्रयोग होतो तो) हाही नको, तो प्रयोगशाळेतच बरा. सरळ ‘सहभागी’ लिहा. माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नीतितत्त्वं सांगणाऱ्या १९६४च्या हेलसिंकी जाहीरनाम्यानेही २०२४च्या सुधारणेत ‘सब्जेक्ट’ टाकून ‘पार्टिसिपंट’ घेतला, म्हणजे साठ वर्षांनी.

आता ‘माहितीपूर्ण’. लेख माहितीपूर्ण असतो, भाषण असतं. संमती कशी असेल? माहिती असते अभ्यास करणाऱ्याकडे, हो म्हणणाऱ्याला ती मिळायची असते. काही जण ‘सूचित संमती’ लिहितात, ते तर उलटंच झालं. सूचित म्हणजे आडून सुचवलेलं. ‘समजून-उमजून दिलेली संमती’ लांबलचक आहे, पण खरी आहे.

उत्तर २ : समजून-उमजून ठीक, पण छावणीत अडतं ते ‘उमजण्या’पाशी नाही, ‘नाही’ म्हणण्यापाशी. शिधा, तंबू, औषधं देणारे आणि वही घेऊन येणारे, दोघेही बाहेरचेच. समोरचा माणूस त्यांच्यात फरक कसा करणार? त्यात ‘मुलाखत’ हा शब्द. आश्रयाचा अर्ज केलेल्याला मुलाखत म्हटलं की जिच्यावर पुढचं आयुष्य ठरतं तीच आठवते. ‘चौकशी’ त्याहून वाईट, ‘गप्पा’ म्हणजे फसवणूक. मी तरी असं लिहीन : ‘हे फक्त अभ्यासासाठीचं बोलणं आहे. नाही म्हणालात तर तुमचा शिधा, तंबू, औषधं किंवा अर्ज यांतलं काही अडणार नाही. हो म्हणालात तर त्यात काही वाढणारही नाही.’ दुसरं वाक्य लोक विसरतात, आणि खोट्या आशेवरचे होकार गोळा होतात.

उत्तर ३ : ‘शरणार्थी’त आसरा मागणं आहे, पण मराठी कानाला ‘शरण आला’ म्हणजे हत्यार टाकलं. युद्धाच्या संदर्भात हा घोळ नको. ‘निर्वासित’ बरा, वास म्हणजे राहतं ठिकाण सुटलेला, किंबहुना सोडवलेला. मात्र तो सरसकट वापरू नका. निर्वासितांविषयीच्या १९५१च्या आंतरराष्ट्रीय करारातला निर्वासित म्हणजे वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपायी छळ होईल या साधार भीतीने देशाबाहेर असलेला माणूस. युद्धातून पळालेला प्रत्येक जण त्यात आपोआप बसत नाही. आपल्याच देशात इकडून तिकडे गेलेल्यांना ‘अंतर्गत विस्थापित’ म्हणा. ‘युद्धाचे बळी’ मात्र कटाक्षाने टाळा, मराठीत बळी बोलत नसतात. ‘युद्धग्रस्त’ चालेल, जरी त्यातल्या ‘ग्रस्त’चा मूळ अर्थ गिळलेला असाच आहे.

प्रश्नकर्ती : ‘बळी’ दोन ठिकाणी होता, काढला. शिधा-तंबूचं वाक्य घेतलं. आता एकच अडलंय : होकारासमोरच्या चौकटीत काय छापू? ‘सहभागाची इच्छा नाही, कारण :’ असं होतं.

उत्तर २ : ‘नाही’ एवढंच. कारणाची ओळ खोडा.