मदत हवी आहे: बोलीच्या पाहणीत सामाजिक स्तर कसा ठरवावा?

नमस्कार. भाषा, बोली आणि समाज यांच्या परस्परसंबंधावर मी लघुप्रबंध लिहीत असून दोन अडचणींबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी १९६२ मध्ये न्यूयॉर्कमधील तीन मोठ्या दुकानांत विक्रेत्यांच्या बोलण्यात स्वरानंतरचा ‘र’ उच्चारला जातो की गळतो, याची पाहणी केली, तेव्हा दुकानांची सामाजिक प्रतवारी आधीच स्पष्ट होती आणि उच्चारातील फरक तिच्याशी जुळला. मात्र जिथे शिक्षण, व्यवसाय, वय आणि स्थलांतर यांचा परिणाम एकाच व्यक्तीच्या बोलण्यात गुंतलेला असतो, तिथे स्तर कोणत्या निकषावर ठरवावा?

दुसरी अडचण मला अधिक गंभीर वाटते. ध्वनिमुद्रण सुरू होताच बोलणारी व्यक्ती नकळत प्रमाणभाषेकडे झुकते आणि जी बोली नोंदवायची, तीच हातून निसटते. प्रमाणभाषासुद्धा मुळात एक बोलीच असून शाळा, प्रशासन आणि छपाई यांनी तिला प्रतिष्ठा दिली आहे, असे मी मानतो. म्हणून बोलीतील रूपांना ‘अशुद्ध’ ठरवणारी प्रश्नावली मला मुळीच वापरायची नाही.

ज्यांनी प्रत्यक्ष क्षेत्रकार्य केले आहे, त्यांनी सहज बोलणे टिपण्यासाठी कोणती पद्धत वापरली आणि बोलणाऱ्यांची संमती केव्हा व कशी घेतली, हे कृपया सविस्तर सांगावे.