भिंगाखाली ठिपके दिसतात का बघा
'गॅझेट द्यू बाँ ताँ' या फ्रेंच फॅशन-मासिकातली (१९१२-२५) चित्रं रंगीत छपाईची, असं कुणी म्हणेल. नाही हो! छापलेली असते ती मुख्यतः रेषा. रंग हाताने भरलेला. याला पोश्वार म्हणतात. प्रत्येक रंगाला जस्ताच्या किंवा तांब्याच्या पातळ पत्र्याचा वेगळा साचा कापायचा आणि आखूड केसांच्या गोल ब्रशने ग्वाश (दाट, अपारदर्शक जलरंग) थोपटायचा. रंग जरा पातळ झाला की साच्याखाली शिरतो, कड फुटते. म्हणून तो दाटच हवा. भिंगाखाली छपाईचे ठिपके नसतील, रंग सपाट आणि कडेला किंचित उचललेला असेल, तर पोश्वार समजा. चित्रकार पॉल इरिबने १९०८ साली पॅरिसचा फॅशन डिझायनर पॉल प्वारे याच्या सरळ, उंच कमरेच्या झग्यांची चित्रं याच पद्धतीत रंगवून घेतली. त्या चित्रसंग्रहाच्या प्रती जेमतेम २५०.