मोरियासुंचा तो फोटो आणि त्याआधीचं बरंच काही

२०२२च्या कतार फुटबॉल विश्वचषकात जपानचे प्रशिक्षक असलेले हाजिमे मोरियासु नेटवर गाजले ते फक्त एका फोटोमुळे, असं काहीजण म्हणतात. मला हे अर्धंच पटतं. ५ डिसेंबर २०२२ला क्रोएशियाकडून पेनल्टींवर हरल्यावर ते एकटेच प्रेक्षकांसमोर गेले आणि कमरेत वाकून उभे राहिले. फोटो जगभर फिरला, मलाही पाहताना भरून आलं होतं.

पण जपानी चाहत्यांशी त्यांचं नातं त्याआधीचं आहे, आणि ते गोडच होतं असं नाही. २०२१मध्ये पात्रता फेरीत ओमान आणि सौदी अरेबियाकडून हार झाली, तेव्हा त्यांना काढून टाका म्हणून नेटवर ओरड चालली होती. मग कतारमध्ये जर्मनीविरुद्ध मध्यंतराला ०-१ पिछाडीवर असताना त्यांनी तोमियासुला आणून बचाव तिघांचा केला. मागोमाग मितोमा, असानो, दोआन, मिनामिनो उतरले. दोआन आणि असानो, दोघेही बदली खेळाडू, त्यांनीच गोल केले. २-१! शिव्या घालणारेच मग जाहीर माफी मागत होते.

आणखी एक, जे मला सगळ्यात जास्त भिडतं. २८ ऑक्टोबर १९९३ला कतारमध्येच, राजधानी दोहात, इराकने अगदी शेवटच्या क्षणी बरोबरी साधली आणि जपानचा पहिला विश्वचषक हुकला. त्या संघात मोरियासु खेळाडू म्हणून मैदानावर होते. जर्मनीला हरवलं तेही याच देशात, २९ वर्षांनी.