‘डीफेनेस्ट्रेशन’ म्हणजे कडेलोट नव्हे

‘डीफेनेस्ट्रेशन’ या इंग्रजी शब्दासाठी, म्हणजे कुणाला खिडकीबाहेर फेकण्यासाठी, सुचवला जाणारा ‘कडेलोट’ हा प्रतिशब्द मला पटत नाही. टकमक टोकावरचा कडेलोट ही वरून फर्मावलेली शिक्षा. इथे उलटं आहे: खवळलेले लोक कारभाऱ्यांनाच उचलून बाहेर फेकतात.

लॅटिनमध्ये ‘फेनेस्ट्रा’ म्हणजे खिडकी. जर्मन ‘फेन्स्टर’ त्याच कुळातला. म्हणजे शब्दशः, खिडकीबाहेर फेकणं. पण या शब्दाला वजन आलं ते प्रागमुळे.

१६०९ मध्ये पवित्र रोमन साम्राज्याचा बादशहा रुडॉल्फने बोहेमियातल्या (प्राग ज्याची राजधानी, त्या आजच्या चेक प्रदेशातल्या) प्रोटेस्टंटांना धर्मस्वातंत्र्याची सनद दिली होती. पुढे ती पायदळी तुडवली जातेय असं दिसल्यावर २३ मे १६१८ रोजी प्रोटेस्टंट सरदार प्रागच्या किल्ल्यात शिरले. आधी जाब विचारला, मग स्लावाता आणि मार्टिनिट्स या दोन कॅथलिक कारभाऱ्यांना खिडकीतून फेकलं. स्लावाता चौकटीला धरून लोंबकळत राहिला, तर तलवारीच्या मुठीने त्याची बोटं ठेचली. मागोमाग त्यांचा चिटणीस फाब्रिसियसही गेला. सुमारे ७० फूट खाली पडून तिघेही जगले! कॅथलिक म्हणाले, मेरीमातेने झेललं. प्रोटेस्टंट म्हणाले, उकिरड्याने. फाब्रिसियसला पुढे सरदारकी मिळाली ती ‘फॉन होहेनफाल’ या नावाने, म्हणजे ‘उंचावरून पडलेला’. युरोपला तीस वर्षं जाळणाऱ्या युद्धाची ठिणगी हीच.

प्रागला ही रीत नवी नव्हती. ३० जुलै १४१९ रोजी हुसपंथीयांनी, म्हणजे धर्मसुधारक यान हुसच्या अनुयायांनी, तिथल्या नगरभवनातून नगरसेवकांना असंच फेकलं होतं. ते मात्र वाचले नाहीत.

म्हणून माझा आग्रह असा की, कुणी नुसतं खिडकीतून पडलं तर हा शब्द वापरू नये. त्यात फेकणारे हात गृहीत आहेत. १० मार्च १९४८ रोजी चेकोस्लोव्हाकियाचे परराष्ट्रमंत्री यान मासारिक मंत्रालयाच्या खिडकीखाली मृत सापडले. आत्महत्या की खून, हा वाद अजून मिटलेला नाही. त्या मृत्यूला डीफेनेस्ट्रेशन म्हणणारा माणूस निकाल देऊन मोकळा होतो.

आज इंग्रजी बातम्यांत पक्षनेत्याला तडकाफडकी पदावरून हटवलं तरी हा शब्द येतो. त्या अर्थाला मराठीत ‘उचलबांगडी’ चपखल बसते. हातपाय धरून उचलून नेण्याचं चित्रही त्यात आहे. प्रागच्या घटनांसाठी मात्र मी सरळ ‘खिडकीतून फेकणं’ असंच लिहीन.