बुलिमिया: वजन नॉर्मल, मग पोटॅशियम कमी का?

कोरडी_विहीर
वजन वर्षभर स्थिर, बीएमआय २२, बघणाऱ्याला तब्येत ठणठणीत. रक्तात मात्र पोटॅशियम ३.१ आणि बायकार्बोनेट (रक्तातला आम्लाविरुद्धचा क्षार) वाढलेलं. बुलिमियात (भरमसाट खाऊन मग उलट्या करून वगैरे ते बाहेर काढण्याचा आजार) उलटीतून एवढं पोटॅशियम जातं का? आणि उलट्या बंद केल्यावर पाय सुजतात ते कशाने? मानसिक उपचार कुठून सुरू होतात तेही सांगा.

आडनिड
उलटीत पोटॅशियम थोडंच असतं. जातं ते मुख्यतः पाणी, क्षार आणि जठरातलं आम्ल. आम्ल गेलं म्हणून बायकार्बोनेट वर. शरीरातलं पाणी घटलं की अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं, मूत्रपिंडं सोडियम धरून ठेवतात आणि पोटॅशियम लघवीवाटे सोडतात. खरी गळती तिथे आहे.

३.५ ते ५ ही नेहमीची पातळी. ३.१ असताना ईसीजी (हृदयाचा आलेख) काढायलाच हवा. मॅग्नेशियमही तपासा, कारण ते कमी असेल तर गोळ्या घेऊनही पोटॅशियम वर सरकत नाही. २.५ च्या खाली गेलं की थेट रुग्णालय. हृदयाची लय बिघडू शकते. आणि एखादा रिपोर्ट चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नका, हा आकडा भराभर बदलतो.

सुजेचं कारणही अल्डोस्टेरॉनच. उलट्या थांबल्या तरी ते लगेच उतरत नाही, त्यामुळे दोन-तीन आठवडे पाणी साठतं. वजनकाटा वर जातो, माणूस घाबरतो आणि पुन्हा उलट्या सुरू होतात. हे आधीच सांगून ठेवलं नाही तर उपचार इथेच मोडतात. लघवीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

दाढदुखी
दातांचं कुणी विचारलं नाही, पण बऱ्याचदा पहिला सुगावा तिथेच लागतो. वरच्या पुढच्या दातांची आतली, टाळूकडची बाजू झिजते. कानाखालच्या लाळग्रंथी फुगून गाल भरलेले दिसतात. त्या दुखत नाहीत म्हणून दुर्लक्ष होतं. उलटीनंतर लगेच ब्रश करू नये, आम्लाने मऊ झालेलं इनॅमल (दातावरचं कडक आवरण) घासलं जातं. पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चुळा भरा आणि ब्रश निदान अर्धा तास लांबवा.

कोरडी_विहीर
आणि रेचकं, म्हणजे जुलाबाची औषधं?

आडनिड
अन्नातले बहुतेक उष्मांक लहान आतड्यात आधीच शोषले गेलेले असतात. रेचकांनी घटतं ते पाणी, म्हणजे पुन्हा तेच चक्र. बऱ्याच काळाची सवय असेल तर बंद केल्यावर काही आठवडे बद्धकोष्ठ होतो. त्यावर डॉक्टरांकडूनच उपाय घ्या.

संथवाहते
मानसिक बाजूबद्दल. 'मनावर ताबा नाही' हे निदान चुकीचं आहे. दिवसभर उपाशी राहणं किंवा कडक पथ्य हेच अतिखाण्याला ढकलतं. मग लाज, उलटी आणि उद्यापासून आणखी कडक पथ्य. म्हणून सीबीटीत (विचार आणि वागणं बदलण्याची मानसोपचार पद्धत) आधी खाण्याच्या वेळा बांधतात: तीन जेवणं, मध्ये दोन-तीन वेळा थोडं खाणं, जागेपणी चार तासांहून मोठी फट नाही. सोबत काय, कधी खाल्लं आणि तेव्हा मनात काय होतं याची त्याच वेळी नोंद. वजन आठवड्यातून एकदाच. साधारण २० सत्रं लागतात. 'वर्ज्य' पदार्थ आणि शरीराबद्दलचे विचार यांची पाळी नंतर येते. घाई केली तर पाया बसत नाही.

औषधांत फ्लुओक्सेटीन हे नैराश्यावरचं औषध, ६० मिलिग्रॅम. नैराश्यात बहुधा २० पासून सुरुवात असते, बुलिमियात तेवढ्याने सहसा भागत नाही. ब्युप्रोपिऑन हे नैराश्यावरचं दुसरं औषध इथे चालत नाही, आकडीचे झटके येण्याचा धोका असतो. नैराश्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तरी उलट्यांचं लपवू नका, ते यासाठीच.

घरच्यांनी 'छान भरलीस' किंवा 'बारीक झालीस' दोन्ही टाळावं.

आडनिड
एक राहिलं. चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड किंवा दुखणं, उलटीत रक्त, हातापायांत एकदम अशक्तपणा, जीव द्यावासा वाटणं: यातलं काहीही असेल तर पुढच्या सत्राची वाट न पाहता तातडीच्या विभागात जा आणि तिथे उलट्यांबद्दल स्पष्ट सांगा. वजन बघून कुणाला शंका येणार नाही.