जेवणाच्या सुट्टीतच फोन लाल होतो: बॅटरी बदलू, की आधी आणखी काही बघू?

टॉवेल_डिस्पॅच:
नमस्कार. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंग आणि डिस्पॅच मी बघते. फोन अँड्रॉइड, ५००० एमएएचचा, दीड वर्ष वापरलेला. दिवाळीपर्यंत काही तक्रार नव्हती. सकाळी पूर्ण भरून निघाले की रात्री घरी येईपर्यंत तिसरा हिस्सा तरी शिल्लक असायचा. आता जेवणाच्या सुट्टीत लाल होतो आणि चारच्या सुमाराला, नेमकी गाडी भरायची वेळ असते तेव्हा, बंद पडतो.

माल पाठवताना लागणाऱ्या ई-वे बिलाचा ओटीपी याच नंबरवर येतो. परवा भिवंडीचा माल भरून झाला, कागद तयार, आणि फोन मेला. चार्जरला लावून तो सुरू होईपर्यंत ट्रक गेटवर उभा. ड्रायव्हरला रात्रीच्या आत पुण्याच्या पुढे जायचं होतं, तो काही बोलला नाही, पण मला फार वाईट वाटलं.

अडचण अशी की एकाच सुमाराला तीन गोष्टी बदलल्या. फोनला मोठं अपडेट आलं. आमचं पॅकिंग खातं पुढच्या पक्क्या इमारतीतून मागच्या नव्या पत्र्याच्या शेडमध्ये हललं. आणि ऑफिसने दुसरं सिम दिलं, तेही याच फोनमध्ये टाकलं. त्यामुळे दोष कुणाला द्यावा कळंना झालंय. एका दुकानात दाखवला तर त्यांनी फोन हातातही न घेता सांगितलं, बॅटरी गेली, बदला. दुसऱ्याने सांगितलं, सॉफ्टवेअर मारावं लागेल.

ब्राइटनेस कमी केला, लोकेशन बंद ठेवते, उघडलेली सगळी अॅप दर थोड्या वेळाने सरकवून बंद करते. बॅटरी सेव्हर लावला की व्हॉट्सअॅप उशिरा वाजतं आणि पार्टीचा मेसेज चुकतो, ते मला परवडत नाही. बॅटरीला पैसे घालायला ना नाही. पण बदलूनही असंच राहिलं तर काय करायचं?

जुळे_सोलापूरकर:
५जी बंद करून ४जीवर ठेवा, डार्क मोड लावा, बॅटरी वाचवणारं एखादं क्लीनर अॅप टाका. माझं याच्यावर भागलं.

नवीपेठ_काउंटर:
ताई, थांबा, बॅटरी बदलू नका अजून. मी नव्या पेठेत मोबाईल दुरुस्तीच्या काउंटरवर बसतो. बॅटरी विकली तर माझाच धंदा आहे, तरी सांगतो, फोन न बघता बॅटरी बदला म्हणणं बरोबर नाही. चांगली बॅटरी काढून दुसरी बसवलेली गिऱ्हाइकं पुन्हा तीच तक्रार घेऊन येतात, आणि तोवर फोनचा मागचा गोंद उकललेला असतो, पाण्यापासूनचं संरक्षण गेलेलं असतं.

वरचा ५जीचा सल्ला चांगला आहे, तो घ्या. क्लीनर अॅप मात्र अजिबात टाकू नका. ते स्वतःच सतत जागं राहतं, जाहिराती ओढतं. अॅप सरकवून मारायचंही थांबवा. व्हॉट्सअॅपसारखं अॅप मारलं की पुढच्या वेळी ते पहिल्यापासून उभं राहतं, त्यात जास्त वीज जाते. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, फोन पडून असला की अॅपना झोपवायची सोय आतच आहे. अँड्रॉइड ९ पासून कुठलं अॅप तुम्ही किती वापरता ते बघून त्याला मोकळीक किती द्यायची हेही फोन ठरवतो. ते काम त्याला करू द्या.

आता मला तीन गोष्टी बघून सांगा.

सेटिंगमध्ये बॅटरी, त्यात बॅटरी युसेज. बऱ्याच फोनात तिथे दोन-दोन तासांच्या पट्ट्या दिसतात. कुठल्या पट्टीत उतार जास्त आहे आणि तिथे वर कुणाचं नाव आहे ते लिहा. स्क्रीन किती वेळ चालू होती तेही लिहा.

रात्री झोपताना किती टक्के होते आणि उठल्यावर किती. चार्जर न लावता. हा आकडा मला सगळ्यात मोलाचा आहे. बॅटरी खराब असेल किंवा एखादं अॅप आत गोंधळ घालत असेल, तर ते घरीही त्रास देणारच. त्यांना एमआयडीसी आणि घर यातला फरक कळत नाही.

तिसरं, सेटिंगमध्ये अबाउट फोन, सिम स्टेटस, त्यात सिग्नल स्ट्रेंथ. उणे आकडा असतो, पुढे डीबीएम, म्हणजे सिग्नल मोजायचं माप. उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल क्षीण. एकदा घरी बघा, एकदा शेडमध्ये तुमच्या टेबलावर बघा. दोन्ही सिमचा.

अपडेटबद्दल: मोठ्या अपडेटनंतर एक-दोन दिवस फोन आत सगळी अॅप नव्याने मांडत असतो, तेव्हा गरमही होतो आणि बॅटरीही खातो. तुमचं त्याच्या पुढे गेलंय, म्हणून मी त्याला आरोपी नंबर एक धरत नाही.

आणि एक विचारतो, रागावू नका. व्हॉट्सअॅपवर आरटीओ चलान, पीएम किसान किंवा लग्नपत्रिका अशा नावाची एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून अॅप बसवणारी) येऊन ती कुणी या फोनवर उघडली होती का? तसली फाइल मेसेज वाचायची परवानगी घेते आणि ओटीपी पुढे पाठवते. बॅटरी अचानक उतरणं हे तिचं एक लक्षण असू शकतं. तुमच्या फोनवर कारखान्याचे ओटीपी येतात म्हणून विचारलं. तसं काही असेल तर आधी नेट बंद करा, बँकेला कळवा, १९३० वर फोन करा. बॅटरीचं मग बघू.

टॉवेल_डिस्पॅच:
इतकं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. एपीके कुणी उघडलेली नाही. प्ले प्रोटेक्टने तपासलं, परवानग्यांच्या यादीतही अनोळखी नाव दिसलं नाही.

काल रात्री ६२ टक्के होते, सकाळी ५८.

शेडमध्ये मात्र सकाळी १० ते १२ या एका पट्टीत २३ टक्के गेले. स्क्रीन त्यात अर्धा तासही चालू नव्हती. वर नाव आहे "मोबाइल नेटवर्क", व्हॉट्सअॅप त्याच्या बरंच खाली. घरी (विजापूर रोड) पहिल्या सिमचा आकडा उणे ८८. टेबलावर उणे ११७. ऑफिसच्या सिमला टेबलावर आकडाच येत नाही, "सेवा नाही" दिसतं, दारापर्यंत गेलं की येतो.

नवीपेठ_काउंटर:
सापडलं, ताई. बॅटरी तुमची धडधाकट आहे. रात्रभरात ४ टक्के म्हणजे उत्तम.

शेड खातंय तुमची बॅटरी. नीट सांगतो, कारण हे कळलं की पुढचा उपाय तुम्हाला स्वतःलाच सुचेल.

डीबीएमच्या मोजणीत दर १० आकड्यांना सिग्नल दहापट कमी होतो. घरचा ८८ आणि टेबलावरचा ११७, म्हणजे शेडमध्ये जवळजवळ आठशेपट क्षीण सिग्नल. कारखान्यात लूम चालू असताना शेजारच्याला काही सांगायचं तर घसा फाडावा लागतो, तसं फोनला तिथे टॉवरशी बोलावं लागतंय. ४जीचा फोन जास्तीत जास्त साधारण २०० मिलिवॅट एवढा जोर लावतो. टॉवर चांगला मिळत असला की त्याच्या किरकोळ अंशात भागतं. तुमचा फोन टेबलावर नुसता पडलेला दिसतो, पण व्हॉट्सअॅपचा प्रत्येक मेसेज, प्रत्येक फोटो तो पूर्ण जोर लावून पाठवतो. तेवढा जोर बाहेर टाकायला बॅटरीतून त्याच्या कितीतरी पट वीज ओढावी लागते. फोन कोमट लागत असेल बघा.

दुसरं सिम त्याहून वाईट. त्याला सेवाच नाही, म्हणून ते एकामागून एक सगळे बँड, म्हणजे लहरींचे पट्टे, धुंडाळत राहतं. सापडलं नाही की थोडं थांबून पुन्हा. दिवसभर हेच. स्क्रीन बंद असली तरी.

५जीचंही तसंच. काही कंपन्यांचं ५जी ४जीच्या आधारावर चालतं, तेव्हा फोन दोन्ही धरून ठेवतो. काठावरच्या सिग्नलमध्ये ५जी, ४जी, परत ५जी अशा उड्या चालतात. टॉवेलचे फोटो पाठवायला ४जी भरपूर आहे.

तेव्हा ऑफिसचं सिम शेडमध्ये असताना सेटिंगमधून बंद ठेवा आणि त्याचे कॉल पहिल्या नंबरवर वळवा. सिम बंद करायच्या आधी वळवा, नंतर जमणार नाही. पसंतीचं नेटवर्क ४जी करा. आणि फोनची जागा बदला. टेबल हलत नसेल तर निदान फोन हलवा.

निवृत्त_टेलिफोन:
वरच्या भाऊंनी अचूक सांगितलं आहे. माझी सगळी नोकरी दूरसंचार खात्यात गेली, म्हणून जागेबद्दल थोडी भर घालतो.

लोखंडी पत्रा रेडिओ लहरी परतवतो. शेडच्या आत जे काही येतं ते दारातून, खिडकीतून आणि छपरात मधे मधे उजेडासाठी बसवलेल्या फायबरच्या पारदर्शक पत्र्यांतून. फायबर लहरींना अडवत नाही. म्हणून तुमच्या शेडमध्ये उजेड जिथे पडतो त्या पट्ट्यात सिग्नलचा आकडा बघत चाला. चार पावलांवर १० ते १५ आकड्यांचा फरक सहज मिळेल. फोनच्या वरच्या दांड्या बघून ठरवू नका, प्रत्येक कंपनी त्या आपल्या हिशेबाने दाखवते. आकडा खरा.

ठेवाल ती खिडकी उत्तरेची असावी. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. पारा ४० च्या वर आणि वरून पत्रा. फोन बनवणारे साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला सांगतात. उन्हाच्या खिडकीत ठेवलात तर सिग्नल सुधारेल आणि बॅटरी उन्हाने जाईल, म्हणजे आज नसलेला दोष वर्षभरात खरोखरच तयार होईल. दुपारी शेडमध्ये चार्जिंगही टाळा. लिथियम-आयन बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते, म्हणून गरम झाल्यावर फोन चार्जिंग मंद करतो किंवा थांबवतो. शक्य असेल तर पुढच्या पक्क्या इमारतीत जेवायला जाता तेव्हा लावा.

कारखान्यात वाय-फाय असेल तर वाय-फाय कॉलिंग चालू करा. भारतात मोठ्या कंपन्यांनी ही सोय २०१९ च्या अखेरीपासून २०२० च्या सुरुवातीपर्यंत दिली. मग कॉल टॉवरऐवजी राउटरवरून जातो. ओटीपीचा एसएमएस त्या मार्गाने येतो का, हे मात्र गाडी उभी नसताना एकदा तपासून घ्या.

जुळे_सोलापूरकर:
एवढं करण्यापेक्षा ऑनलाइन सिग्नल बूस्टर मिळतो की. छपरावर अँटेना, आत डबा. मालकाला सांगा, सगळ्या शेडचं काम होईल.

निवृत्त_टेलिफोन:
तो घेऊ नका, कळकळीने सांगतो. खासगी माणसाने परवानगीशिवाय मोबाईल बूस्टर बसवणं भारतात बेकायदा आहे, दुकानात किंवा ऑनलाइन उघड मिळत असला तरी. त्यामागे कारण आहे. असा डबा टॉवरकडे कचरा फेकतो आणि आसपासच्या शेकडो लोकांचे कॉल तुटतात. त्यात एखादा १०८ ला लावलेलाही असू शकतो. बरोबर रस्ता म्हणजे कारखान्याच्या लेटरहेडवर मोबाईल कंपनीकडे तक्रार, आत काम करणारी माणसं किती आणि कुठल्या शेडमध्ये सिग्नल किती, हे आकड्यांसह. कंपनीची माणसं येऊन मोजतात आणि गरज पटली तर इमारतीच्या आतली यंत्रणा तीच बसवतात. वेळ लागतो, पाठपुरावा करावा लागतो.

टॉवेल_डिस्पॅच:
सांगितलं तसं केलं. ऑफिसचं सिम शेडमध्ये बंद, कॉल वळवले, ४जी लावलं. आकडा बघत शेडभर फिरले तेव्हा पॅकिंगच्या पोरी विचारायला लागल्या, ताई काय शोधताय. मापाच्या काट्याजवळ, फायबरच्या पत्र्याखाली उणे ९९ मिळाला. तिथे भिंतीला लाकडी फळी ठोकून घेतली, ऊन येत नाही. आता संध्याकाळी निघताना ५० च्या आसपास राहतात. अॅप मारणं सोडलं, लोकेशनही चालू ठेवलंय, त्याने काही बिघडलं नाही. ओटीपी वाय-फायवर येतो का ते रविवारी तपासते. मालकांना तक्रारीचं पत्र लिहून दिलंय, त्यांनी सही केली.

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. अजून एक विचारू का? आमच्या रात्रपाळीला लूम सांभाळणाऱ्या जॉबरकाकांचा फोन ३० टक्के दाखवत असताना एकदम बंद होतो. चार्जर लावला की लगेच पुन्हा २८-३० दाखवतो. त्यांनाही सिग्नलच नडतोय का? त्यांचा फोन चार-पाच वर्षं जुना आहे. त्यांना वाटतंय माझ्यासारखंच फळीवर ठेवून भागेल.

नवीपेठ_काउंटर:
नाही ताई, काकांची गोष्ट वेगळी. हळूहळू उतरणं आणि ३० वरून धाडकन बंद होणं हे दोन निरनिराळे आजार आहेत. जुन्या बॅटरीचा आतला विरोध वाढतो. कॅमेरा उघडला, कॉल लावला की एकदम जास्त वीज मागितली जाते, तेवढ्या क्षणी तिचा व्होल्टेज कोसळतो आणि फोन स्वतःला बंद करून घेतो. चार्जर लावला की टेकू मिळतो, म्हणून आकडा परत तिथेच दिसतो. त्यांची बॅटरी खरंच बदलायची आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला त्या मॉडेलची मिळते का ते आधी विचारा, नाही मिळाली तरच बाहेर.

आणि आज पाळीवर आले की फोन काचेवर पालथा ठेवून बघायला सांगा. मधे टेकून डुगडुगत असेल किंवा कडेने स्क्रीन उचलली असेल, तर बॅटरी फुगलीय. मग चार्जरला लावायचा नाही, दाबायचा नाही, घरी उघडायचा तर नाहीच. बंद करून कापसाच्या गठ्ठ्यांपासून लांब ठेवायचा आणि सकाळी थेट दुरुस्तीला न्यायचा.